तुरुंगात धोकादायक कोण, हे ठरवायचं कसं?

वसुधा_म

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी मला विचारलं, "खुनाच्या आरोपींसमोर एकटं बसताना भीती नाही वाटायची का?" तिथे विषय वेगळा होता म्हणून दोन ओळींत उत्तर दिलं. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही, म्हणून हा धागा.

मी एका संस्थेतर्फे समुपदेशक म्हणून महाराष्ट्रातल्या एका मध्यवर्ती कारागृहात अकरा वर्षं जात होते. भीती वाटायची, पण बाहेरच्यांना वाटतं त्यांची नाही. आमच्या खोलीत खुर्च्या लावायला, रजिस्टर आणून द्यायला एक पक्का बंदी (शिक्षा झालेला कैदी) असायचा. बांधाच्या भांडणात चुलतभावावर कुऱ्हाड चालवून जन्मठेप लागलेला, पन्नाशी ओलांडलेला. शेतीच्या अवजारांची खोली अधिकारी त्याच्या भरवशावर सोडत. विळे, कुदळी, कुऱ्हाडी मोजून देणं आणि मोजून परत घेणं त्याच्याकडे. एक विळा कधी कमी भरला नाही. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, कारण त्याचा राग ज्या बांधावर होता तो बांध तुरुंगात नव्हता.

धास्ती असायची ती एकोणीस-वीस वर्षांच्या कच्च्या बंद्यांची, म्हणजे ज्यांचा खटला अजून चालू आहे त्यांची. नुकता आत आलेला, बाहेर कुठल्यातरी भाईच्या नावावर मिरवलेला, आत आल्यावर ते नाव राखायचं ओझं डोक्यावर. कलम किरकोळ, पण पहिल्या पंधरा दिवसांत कुणाचं तरी डोकं फोडणार. गुन्हा किती मोठा आणि माणूस आत किती धोक्याचा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला पहिल्या वर्षी कळलं नाही. खून करून आलेले कित्येक जण आयुष्यात एकदाच हात उचललेले असतात.

कायद्याची वर्गवारी याबाबत फारच मोघम आहे. १८९४ च्या कारागृह कायद्याचं २७ वं कलम सांगतं की बायका वेगळ्या, २१ वर्षांखालची मुलं वेगळी, कच्चे-पक्के वेगळे, दिवाणी-फौजदारी वेगळे. ठीक आहे. पण आज रात्री ७ नंबरच्या बराकीत कोण कुणावर धावून जाईल, याचं उत्तर त्यात कुठून मिळणार?

आता माझी चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचं लिहायचा मला हक्क नाही.

एक मुलगा होता, एकवीस वर्षांचा, मारामारीच्या गुन्ह्यात आलेला. मी त्याच्याशी सहा वेळा बसून बोलले होते. शांत, डोळ्याला डोळा देऊन बोलणारा, आईचा विषय निघाला की रडणारा. त्याला स्वतंत्र कोठडीतून बराकीत हलवावं का, यावर माझं मत मागितलं गेलं. मी लिहून दिलं, "हरकत नाही." आठव्या दिवशी त्याने जर्मनच्या ताटाची कड फरशीवर घासघासून तिला धार काढली आणि शेजारी झोपणाऱ्याच्या तोंडावर ओढली. त्या माणसाचा एक डोळा गेला.

दुसऱ्या दिवशी रात्रपाळीचे एक शिपाई मला गेटवर भेटले. म्हणाले, "मॅडम, तीन रात्री झोपला नव्हता तो. पाण्याच्या पिंपापाशी बसून असायचा. त्याची पथारी त्या दुसऱ्यानं संडासाकडं ढकलली होती ना." मी विचारलं, तुम्ही कुणाला सांगितलं नाही? "विचारतंय कोण? वहीत आलबेल लिहायचं असतं. बंदी पळाला नाही, मेला नाही, म्हणजे आलबेल."

मी त्याच्याशी सहा बैठका बालपणाविषयी बोलले होते. पथारीविषयी एक प्रश्न विचारला नव्हता.

त्यानंतर माझी कामाची रीत बदलली. "हा किती धोकादायक?" हा प्रश्न मी सोडून दिला, कारण त्याला खरं उत्तरच नाही. कुणापासून, कुणाला, कशावरून, कुठे आणि कधी, असं विचारू लागले. आणि विचारताना बंद्याबरोबर शिपायाला, मुलाखतीच्या खिडकीवरच्या हवालदाराला, कँटीनचा हिशेब ठेवणाऱ्यालाही विचारू लागले. मुलाखतीला येणारी बायको दोन आठवडे आली नाही. मनीऑर्डर बंद झाली. कोर्टाची तारीख पुढे गेली. जामीन फेटाळला. रोज एकत्र जेवणारे दोघे वेगळे बसू लागले. या गोष्टींनी मला त्या सहा बैठकांपेक्षा जास्त सांगितलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की धोका हा माणसाच्या कपाळावर एकदा मारायचा शिक्का नव्हे. तो आज एक असतो, महिन्याने दुसरा. म्हणून तो पुन्हा पुन्हा विचारावा लागतो, आणि ज्यांना माहीत असतं त्यांना विचारावा लागतो. आपल्याकडे तो प्रवेशाच्या दिवशी एकदा विचारतात, तोही कलम बघून.

---

गणिती_गडी

वसुधाताई, फार मोलाचं लिहिलंत. एक शंका. हे सगळं माणसाच्या नजरेवर सोडण्यापेक्षा एखादी चाचणी, गुणपद्धती नाही का? बँका कर्ज देताना करतात तशी?

मी स्वतःच एक हिशेब मांडून पाहिला. समजा एका तुरुंगात १००० बंदी आहेत आणि वर्षभरात त्यातले १० जण गंभीर हल्ला करणार आहेत. चाचणी अशी धरली की खऱ्या धोक्याच्या १० पैकी ८ जण ती ओळखते, आणि निर्धोक माणसांपैकी २० टक्क्यांना चुकून धोकादायक ठरवते. वाचायला चाचणी चांगली वाटते. पण ९९० चे २० टक्के म्हणजे १९८. म्हणजे शिक्का बसला २०६ जणांवर, त्यातले खरे फक्त ८. बाकीच्या १९८ जणांना आपण काहीही न करता वेगळं कोंडणार का? हा आकडा पाहून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो.

---

वसुधा_म

गणिती, तुमचा हिशेब अगदी बरोबर जागी बोट ठेवतो. चाचण्या आहेत. कॅनडात १९९५ मध्ये तयार झालेली एचसीआर-२० (हिस्टॉरिकल, क्लिनिकल, रिस्क मॅनेजमेंट) जगभर वापरतात. तिच्यात वीस मुद्दे: दहा भूतकाळाचे (पूर्वीची हिंसा, व्यसन, नोकरी, नाती), पाच आत्ताच्या मनःस्थितीचे, पाच पुढच्या परिस्थितीचे. २०१३ ला तिची तिसरी आवृत्ती आली. मला तिचं आवडतं ते हे की ती बेरीज करून आकडा काढायला सांगत नाही. पुढे काय घडू शकतं याची दोन-तीन चित्रं लिहून काढायला लावते आणि मग विचारते, हे घडू नये म्हणून काय कराल? म्हणजे नावातच व्यवस्थापन आहे.

अशा चाचण्यांचा मोठा आढावा २०१२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता, १३ देशांतल्या ७३ नमुन्यांवरचा. हिंसेसाठी ज्यांना जास्त धोक्याचे म्हटलं त्यांतले ४१ टक्केच पुढे हिंसक वागले. ज्यांना कमी धोक्याचे म्हटलं त्यांच्याबाबत मात्र ९१ टक्के वेळा अंदाज खरा ठरला. म्हणजे या चाचण्या कुणाला निर्धास्त मोकळं करता येईल हे बऱ्यापैकी सांगतात, कुणाला कोंडावं हे नाही. आपण त्या नेमक्या उलट्या कामाला वापरायला जातो.

---

टेम्सकाठी

मी इंग्लंडमध्ये एका तुरुंगाच्या दवाखान्यात नर्स आहे, मूळची साताऱ्याची. ताईंच्या पथारीच्या गोष्टीवरून इथली एक घटना सांगायलाच हवी. आमच्याकडे प्रत्येक नव्या कर्मचाऱ्याला ती शिकवतात.

झाहिद मुबारक. पूर्व लंडनचा, १९ वर्षांचा. सहा पौंडांची रेझर ब्लेड चोरणं आणि एका गाडीशी छेडछाड, यासाठी ९० दिवसांची शिक्षा. फेल्टम नावाच्या तरुण मुलांच्या तुरुंगात, स्वॅलो विंगमध्ये ठेवलेला. ८ फेब्रुवारी २००० ला त्याच्या कोठडीत रॉबर्ट स्टुअर्टला आणून टाकलं. स्टुअर्टच्या कपाळावर गोंदण. त्याच्या पत्रांमध्ये काळ्या-आशियाई लोकांविषयी उघड द्वेष, त्यातलं काही अधिकाऱ्यांच्या हाती लागलेलं. आधीच्या एका तुरुंगातल्या नर्सने लिहून ठेवलेलं की या मुलाच्या व्यक्तिमत्त्वात खोल आणि जुना बिघाड आहे. सगळं कागदावर होतं. पण एक कागद सुरक्षेच्या फायलीत, एक वैद्यकीय फायलीत, आणि विंगवर कुलूप लावणाऱ्याच्या हातात काहीच नाही. सहा आठवडे दोघं एका खोलीत झोपले. २१ मार्चच्या सकाळी झाहिद सुटणार होता. त्याच पहाटे स्टुअर्टने टेबलाचा सुटा केलेला पाय त्याच्या डोक्यात घातला. आठवड्याने तो गेला.

घरच्यांना जाहीर चौकशीसाठी थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत (तेव्हाचं इथलं सर्वोच्च न्यायालय) लढावं लागलं. न्या. कीथ यांचा अहवाल २००६ ला आला, १८६ त्रुटी आणि ८८ शिफारशी. आता इथे कुणाबरोबर कोठडी द्यायची याचं वेगळं मूल्यमापन होतं. पहिल्या रात्री कुलूप लागण्याआधी. त्यात दवाखान्याचा रकाना माझ्याकडे येतो. गर्दी असते, घाई असते, दिवसाला कित्येक जण येतात. तरी तो रकाना भरताना प्रत्येक वेळी मला त्या नर्सची आठवण होते. तिने लिहिलं होतं, आणि तिचा कागद पुढे गेला नाही.

---

रानजाई

मी इथे फारसं लिहीत नाही. माझ्या मामाचा खून झाला, त्याला आता चौदा वर्षं झाली. ज्याने केला तो दर वर्षी संचित रजेवर (शिक्षा चालू असताना काही दिवस घरी सोडतात ती रजा) गावात येतो. रजेआधी पोलीस मामीला विचारायला येतात, हरकत आहे का. मामी त्या दिवसापासून दाराला आतून कडी घालून बसते.

तुम्ही सगळे बंद्यांविषयी इतक्या आस्थेने बोलताय, ते चांगलंच आहे. पण "त्याचा राग बांधावर होता" हे वाक्य वाचून माझ्या अंगावर काटा आला. तो बांध आमच्या मामाचा होता. बंदी रजेवर येतो तेव्हा तो बांध तिथेच असतो.

---

वसुधा_म

रानजाई, तुमचं वाक्य मी तीनदा वाचलं. तुम्ही बरोबर आहात, आणि माझ्या मूळ लेखात ही बाजू यायला हवी होती. तुरुंगात निर्धोक असलेला माणूस गावच्या त्याच बांधावर परत गेला की निर्धोक राहीलच असं नाही. धोका परिस्थितीत असतो, असं मी म्हणते, तर मग परिस्थिती बदलली की तो नव्याने तपासायलाच हवा. संचित रजेच्या अहवालात "हरकत आहे का" एवढंच विचारणं म्हणजे सगळं ओझं मामींवर टाकणं झालं. वाद मिटलाय का, जमिनीची मोजणी झाली का, तो त्याच गल्लीत राहणार की बहिणीकडे दुसऱ्या गावी, जामीनदार कोण, हे बघणं यंत्रणेचं काम आहे. मी काही प्रकरणांत दुसऱ्या गावचा पत्ता घ्यायला लावला होता. मामींना तसा आग्रह लेखी धरता येईल.

---

टेम्सकाठी

रानजाईताईंच्या मुद्द्याला धरून. नोव्हेंबर २०१९ मध्ये लंडन ब्रिजजवळ फिशमाँगर्स हॉलमध्ये उस्मान खान याने एका तरुणाला आणि एका तरुणीला भोसकून मारलं. तो दहशतवादाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून वर्षभरापूर्वी देखरेखीखाली सुटला होता. कार्यक्रम कैद्यांच्या शिक्षणाच्या उपक्रमाचा होता आणि मेलेली दोघं त्याच उपक्रमातली. तो वर्गात नीट बसायचा, गोड बोलायचा, आणि बऱ्याच जणांनी तेच सुधारणेचं लक्षण धरलं. शहाण्यासारखं वागणं आणि बदलणं यांत फरक आहे. आमच्याकडे हेही शिकवतात, झाहिदच्या गोष्टीनंतर लगेच.

---

वकीलबुवा

दोन गोष्टींची भर घालतो.

एक, "धोकादायक" म्हणून वेगळं कोंडणं. सुनील बत्रा खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की फाशीच्या कैद्यालासुद्धा कारागृह कायद्याच्या कलम ३० खाली एकांतवासाची शिक्षा देता येत नाही. बेड्यांचा प्रश्नही त्याच निकालात होता. तरी अंडा सेल, म्हणजे कडक बंदोबस्ताच्या वेगळ्या कोठड्या, आहेतच. महिनोन्महिने एकट्याला ठेवलेल्या माणसाला बाहेर काढून तपासलं, तर त्याचा स्वभाव दिसतो की त्या कोठडीने केलेला परिणाम? आणि अंडा सेल म्हणजे सुरक्षित, असंही नाही. ८ जून २०१२ ला कतील सिद्दिकी या कच्च्या बंद्याचा गळा येरवड्याच्या अंडा सेलमध्येच आवळला गेला.

दुसरी गोष्ट मला जास्त जवळची आहे. आपल्याकडे धोक्याचं मूल्यमापन कैक वर्षं जातीवरून झालं. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा म्हणजे जन्मताच मारलेला शिक्का. तो १९५२ ला रद्द झाला, पण त्याची जागा "सराईत" या शब्दाने घेतली. माझ्याकडे पारधी समाजातली मुलं येतात. पहिलाच गुन्हा असतो आणि कागदावर "सराईत" लिहिलेलं असतं, कारण बाप आणि काका तसे लिहिलेले. ३ ऑक्टोबर २०२४ ला पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातली जातीवर आधारलेली कामवाटप आणि वर्गवारी घटनाबाह्य ठरवली आणि नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितला. गणितींनी जी गुणपद्धती मागितली, ती उद्या अशा जुन्या नोंदींवरून शिकलेल्या संगणकाने चालवली तर हाच शिक्का परत येईल, आणि तेव्हा भांडायला समोर माणूससुद्धा नसेल.

---

आटपाडीचा_शिवा

आमच्या आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थान असताना १९३९ साली राजेसाहेबांनी मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या माणसाच्या कल्पनेवरून ही खुली वसाहत काढली. शिक्षा झालेले लोक इथे कुटुंबासह राहून शेती करायचे. 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या सिनेमामागे हीच गोष्ट आहे. भिंत नाही. लहानपणी आम्ही तिथल्या मुलांबरोबर खेळलो. कुणाचा बाप कुठल्या कलमात, हे आम्हाला माहीत असायचं आणि तरी त्यांच्या घरी भाकरी खायचो. विश्वास टाकणं हासुद्धा बंदोबस्तच आहे, एवढंच सांगायचंय. अर्थात तिथे पाठवायची माणसं निवडूनच पाठवतात.

---

निवृत्त_सुभेदार

मॅडम, ते रात्रपाळीचे शिपाई म्हणजे आमच्यातलेच कुणी. तुम्ही लिहिलंत ते शंभर टक्के खरं. आम्हाला माहीत असतं, पण आम्ही लिहीत नाही, कारण लिहिलं की दुसऱ्या दिवशी आम्हालाच विचारतात, मग तू काय केलंस?

एक सांगतो. आतली भांडणं मोठ्या गोष्टींवरून होत नाहीत. पाण्याची रांग, फोनची पाळी, पंख्याखालची जागा, टीव्हीचा चॅनेल. २ जून २०२४ ला कोल्हापूरला कळंब्यात १९९३ च्या स्फोट खटल्यातल्या जन्मठेपेच्या बंद्याला इतर बंद्यांनी मारून टाकलं, बातम्यांत कारण आलं आंघोळीवरचा वाद. भायखळ्याच्या जेलात जून २०१७ ला मंजुळा शेट्ये ही बंदी मारहाणीत गेली, तिथे सुरुवात अंडी-पाव कमी भरल्यावरून. आणि त्यात खुनाचा गुन्हा कर्मचाऱ्यांवर नोंदला गेला, हे आम्ही खातेवाल्यांनीही विसरता कामा नये.

बराकीत दुप्पट माणसं भरली की प्रत्येकाला दोन फुटी फरशीची एक रांग मिळते. कुशी बदलली की शेजाऱ्याला लागते. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशभरात ४,३६,२६६ जागांमध्ये ५,७३,२२० बंदी होते, चारातले तीन कच्चे. हा देशाचा सरासरी आकडा झाला, मोठ्या शहरांतल्या जेलांची गोष्ट त्याहून वाईट. तिथे तुमचे वीस मुद्दे कोण भरणार? केंद्राची नमुना कारागृह नियमावली म्हणते ५०० बंद्यांमागे एक मानसशास्त्रज्ञ हवा. मी तीस वर्षांत एकदाच पाहिला, तोही बदलीवर होता.

मी स्वतः एक करायचो. संध्याकाळी बराकी बंद होताना गिनतीच्या वेळी तोंडं बघायचो. आकडा जुळवायला दुसरा माणूस, मी फक्त तोंडं. कोण खाली बघतोय, कोण आज रांगेत जागा बदलून उभा आहे. ज्याच्याविषयी शंका आली त्याच्याशी कुलूप लावण्याआधी दोन मिनिटं बोलायचं. "गावाकडं पाऊस झाला का?" एवढंच. निम्म्या वेळा तो स्वतःच सांगायचा, साहेब, आज मला त्या कोपऱ्यात झोपवू नका.

---

वसुधा_म

सुभेदारसाहेब, तुमच्या शेवटच्या परिच्छेदातलं मला अकरा वर्षांत कुणी शिकवलं नाही. ते दोन मिनिटांचं बोलणं लिहून ठेवायला एक वही असती, आणि त्यात लिहिणाऱ्याला जाब न विचारता शाबासकी मिळाली असती, तर त्या माणसाचा डोळा वाचला असता असं मला आजही वाटतं.

---

मीनल_र

उशिरा लिहिते आहे, माफ करा. माझा मावसभाऊ गेल्या महिन्यापासून आत आहे, कच्चा. वय वीस. काल मुलाखतीत त्याने जाळीतून फक्त एवढंच म्हटलं, "ताई, माझ्या बराकीत त्यांची माणसं आहेत." समोरच्या पार्टीची. त्याला मार लागलाय की नाही कळलं नाही, पूर्ण बाहीचा शर्ट होता. मावशी रडतेय. कुणाकडे जायचं?

---

वसुधा_म

मीनल, सोमवारपर्यंत थांबू नका, उद्याच जा. अधीक्षकांच्या नावे साध्या कागदावर अर्ज लिहा: त्याचं नाव, बंदी क्रमांक, गुन्हा नोंद क्रमांक, बराक कोणती, आणि समोरच्या आरोपींची नावं माहीत असतील तर ती. "जिवाला धोका असल्याने बराक बदलावी व वैद्यकीय तपासणी करावी" हे वाक्य तसंच घाला. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय गेट सोडू नका. शिक्का पडला की तो कागद कुणाला तरी वाचावाच लागतो. त्याच दिवशी एक प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात द्या, ते जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं, पैसे लागत नाहीत. वकील असेल तर पुढच्या तारखेला न्यायाधीशांसमोर तोंडी सांगायला लावा, आणि मुलाला कोर्टात आणतील तेव्हा बाही वर करायला सांगा.

पुढच्या मुलाखतीत त्याला विचारा, झोपायला जागा कुठे आहे.

---

निवृत्त_सुभेदार

मीनलताई, कुठलं जेल ते मला व्यक्तिगत निरोपात कळवा. अर्ज घेऊन सकाळी दहाच्या आत जा, साहेब राउंडवरून परत आलेले असतात. मावशींनाही बरोबर न्या.